व्यायामशाळेचं दार

जर्मनीत 'गिम्नाझिउम' म्हणजे विद्यापीठात जाण्याची तयारी करून घेणारी शाळा. तिथे गणित, भाषा, इतिहास यांचा कस लागतो. इंग्रजीतला 'जिम' म्हणजे वजनं उचलायची जागा. तिथे घाम आणि आरसे. शब्द एकच, पण एका समाजाने त्यातलं डोकं उचललं आणि दुसऱ्याने दंड. आपल्याकडे कॉलेजात 'जिमखाना' असतो, पुण्यात तर डेक्कन जिमखाना नावाची अख्खी वस्तीच आहे. त्या शब्दाच्या पूर्वार्धावरही याच शब्दाची सावली पडली आहे, असं शब्दांचे जाणकार सांगतात.

मूळ शब्द ग्रीक. 'गिम्नॉस' म्हणजे उघडा, नग्न. 'गिम्नासिऑन' म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून व्यायाम करण्याची जागा. त्याच गावातले आणखी दोन शब्द आपण रोज वापरतो. 'अकॅडमी' हे अथेन्सच्या वेशीबाहेरच्या एका व्यायामशाळेचं नाव. 'लायसियम' हे दुसरीचं. पोर्तुगीज काळात पणजीत जे 'लिसेव' होतं, त्याचं नाव तिथूनच आलेलं. म्हणजे आज क्रिकेटच्या कोचिंगपासून संगीताच्या क्लासपर्यंत ज्या पाट्या आपण वाचतो, त्यांचं मूळ तालमीत आहे. आणि 'स्कूल' हा शब्द ज्या 'स्खोले'पासून आला, त्याचा अर्थ होता फुरसत. आपला 'शाळा' हा शब्द इमारतीचं नाव आहे. त्यांचा शब्द वेळेचं नाव होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याकडे पुढे येतोच.

ग्रीक व्यायामशाळेविषयी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. ग्रीकांनी शरीर आणि बुद्धी यांचा सुरेख मेळ घातला, सकाळी कुस्ती आणि संध्याकाळी तत्त्वज्ञान, असं काहीसं चित्र. शाळांच्या वार्षिक समारंभात पाहुणे हे हमखास सांगतात. त्यासोबत निरोगी शरीर आणि निरोगी मन यांची सांगड घालणारं जे लॅटिन वचन ऐकवतात, ते मुळात ग्रीकांचं नाहीच, ज्युव्हेनल या रोमन कवीचं आहे. तेव्हा त्या चित्राकडे जरा नीट पाहायला हवं. ते अगदीच खोटं आहे असं नाही. पण ते अर्धं आहे, आणि राहिलेलं अर्धं शिक्षणाचा विचार करणाऱ्या कुणालाही टाळता येण्यासारखं नाही.

आधी ती जागा कशी होती ते पाहू. अथेन्समध्ये तीन मोठ्या सार्वजनिक व्यायामशाळा होत्या: अकॅडमी, लायसियम आणि कायनोसार्जिस. तिन्ही कोटाबाहेर, कारण धावायला आणि भाला फेकायला मोकळं रान हवं. तिन्ही कुठल्या ना कुठल्या देवस्थानाशी जोडलेल्या. पाणी, झाडं, सावली. अकॅडमीची जागा पूर्वी रखरखीत होती. तिथे पाणी आणून झाडी वाढवली ती किमॉन या सेनापतीने, असं प्लूटार्क सांगतो. आत एक चौरस अंगण, भोवती खांबांच्या ओसऱ्या. हा कुस्तीचा भाग, त्याला 'पालेस्त्रा' म्हणत. कुस्तीची जमीन कुदळीने खणून भुसभुशीत करायची. आपल्या तालमीतली लाल माती ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अंगाला ऑलिव्हचं तेल, त्यावर धूळ, आणि व्यायाम संपला की तेल, घाम आणि धूळ यांचा थर धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढायचा. हा खरवडलेला मळसुद्धा औषधी म्हणून विकला जाई!

या सगळ्याकडे परक्या माणसाने पाहिलं तर त्याला काय वाटेल? हा प्रश्न ग्रीकांनाही पडला होता. ल्युशियन नावाच्या लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एक मजेदार संवाद लिहिला आहे. सिथियाहून आलेला अनाखार्सिस लायसियममध्ये पोरं चिखलात लोळताना आणि एकमेकांचे गळे आवळताना पाहतो, आणि सोलोनला विचारतो, की ही वेडी झाली आहेत का? सोलोन शांतपणे त्याला सांगत राहतो की आम्ही इथे पैलवान नव्हे, नागरिक घडवतो. अनाखार्सिसला ते पुरतं पटत नाही. मला ल्युशियनचं हेच आवडतं, की त्याने शंका घेणाऱ्याला मूर्ख ठरवलेलं नाही.

आता एक गोष्ट आपल्यासारख्या पुस्तकी शिक्षकांना टोचणारी. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये लिहायला-वाचायला शिकवणारा गुरुजी हा खाजगी धंदेवाला होता. वीणेसारखं वाद्य शिकवणाराही खाजगी. आईबापांनी फी द्यायची, ज्याला परवडेल त्याने जास्त वर्षं शिकवायचं. मुलांची कुस्तीची तालीमही बहुधा खाजगीच असे. पण मोठ्या व्यायामशाळा मात्र नगराच्या. म्हणजे नगराने पैसा ओतला तो अक्षरांसाठी नव्हे, शरीरासाठी. का? कारण ढाल-भाला घेऊन रांगेत उभा राहणारा शिपाई हाच नागरिक होता. त्याची छाती आणि दम ही नगराची गरज होती.

ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात अठरा वर्षांच्या तरुणांच्या शिक्षणाचं वर्णन आहे. दोन वर्षांचा काळ. पहिल्या वर्षी पहारा आणि कवायत: शस्त्रं चालवणं, धनुष्य, भाला, यंत्राने मारा करणं. रोजच्या जेवणासाठी प्रत्येकामागे चार ओबोल. दर जमातीमागे एक देखरेख करणारा, आणि तो चाळिशी ओलांडलेला असला पाहिजे हा नियम. वर्ष संपलं की लोकांसमोर कवायत दाखवायची आणि नगराकडून ढाल व भाला स्वीकारायचा. मग दुसरं वर्ष सरहद्दीवर. तेव्हा व्यायामशाळेचं मूळ युद्धात आहे, ते आपण फुलांनी झाकू नये.

मग तत्त्वज्ञान तिथे आलं कुठून? ते कुणी अभ्यासक्रमात घातलं नव्हतं. ते चालत आलं. सॉक्रेटिस व्यायामशाळेत जात असे, कारण तरुण मुलं तिथे होती. प्लेटोच्या 'लिसिस' या संवादाच्या सुरुवातीला तो अकॅडमीहून लायसियमकडे निघालेला असतो आणि वाटेतल्या एका नव्या तालमीत त्याला थांबवून घेतात. 'युथिडिमस' लायसियममध्ये घडतो, 'खार्मिडिस' एका तालमीत. सॉक्रेटिसच्या मागून प्लेटोने इसवीसनपूर्व ३८७च्या सुमारास अकॅडमीच्या परिसरात शिकवायला सुरुवात केली, ॲरिस्टॉटलने ३३५मध्ये लायसियममध्ये. अँटिस्थिनीज कायनोसार्जिसमध्ये शिकवत असे. जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या विद्यापीठांची सुरुवात अशी झाली: ज्ञानी माणसं जिथे पोरं जमत होती तिथे जाऊन बसली.

माझ्या मते ग्रीक व्यायामशाळेची खरी थोरवी या साध्या गोष्टीत आहे. कुठल्याही वेळापत्रकाने तिथे शरीर आणि बुद्धी एकत्र आणलेली नाही. दोघांना एक जागा आणि एक फुरसत मिळाली, एवढंच. चौदा वर्षांचा मुलगा दम खायला ओसरीत बसला, तर शेजारी चाळिशीचा माणूस न्याय म्हणजे काय यावर वाद घालत असे. ऐकायचं तर ऐकावं, कंटाळा आला तर उठून जावं. परीक्षा नाही, हजेरी नाही. पुढे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस अशा इमारतीचा आराखडा देतो, तेव्हा तत्त्वज्ञांना आणि वक्त्यांना बसून वाद करता यावेत म्हणून आसनांची प्रशस्त दालनं असावीत असं बजावून सांगतो. म्हणजे बोलणं हा तोवर बांधकामाचाच भाग झाला होता.

आणि हा मेळ ग्रीकांना सहज साधला असंही नाही. त्यांच्यातच मोठी भांडणं होती. झेनोफेनिस या कवीची तक्रार होती की पैलवानाला जो मान मिळतो तो शहाण्या माणसाला मिळत नाही. प्लेटो 'रिपब्लिक'मध्ये म्हणतो की निव्वळ व्यायामाने माणूस रानटी होतो आणि निव्वळ संगीत-साहित्याने गुळमुळीत. दोन्ही लागतात ते आत्म्यासाठीच. ॲरिस्टॉटल स्पार्टावर टीका करतो की त्यांनी पोरांना कष्टांनी पशूसारखं केलं. आणि पुरावा म्हणून दाखवून देतो की ऑलिम्पिकमध्ये मुलांच्या गटातही जिंकला आणि मोठेपणीही जिंकला अशी माणसं दोन-तीनच सापडतात. लहानपणी फार ताणलं की शक्ती संपते. दहा वर्षांच्या मुलाला पहाटे चारला उठवून मैदानावर नेणाऱ्या आजच्या पालकांनी हे वाचावं. आणि पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने तर लहान चेंडूच्या खेळावर एक पुस्तिकाच लिहिली. तिचा एक मुद्दा असा, की हा व्यायाम गरिबालाही परवडतो, त्याला साधनसामग्री लागत नाही.

'गरिबालाही' हा शब्द येताच आपण दारापाशी पोचतो.

उत्तर ग्रीसमध्ये, जुन्या मॅसेडोनियात, बेरोइया नावाचं गाव होतं. तिथल्या व्यायामशाळेचा कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला. व्यायामशाळेचा एक प्रमुख असे. त्याची निवड, त्याची शपथ, त्याचे हिशेब, दंड, स्पर्धा, सगळं बारकाईने लिहिलं आहे. शिस्तीचा नमुना म्हणून तो कुठल्याही मुख्याध्यापकाने वाचावा. वर्षातून एकदा हर्मिस देवाचा उत्सव. त्यात धावण्याच्या शर्यतींखेरीज तीन निराळी बक्षिसं असत: एक सुदृढ शरीरासाठी, एक शिस्तीसाठी आणि एक मेहनतीसाठी. मेहनतीचं बक्षीस त्या वर्षभरात ज्याने मनापासून सराव केला त्याला. पहिला आला त्याला नव्हे. प्रमुखाने हर्मिसची शपथ घेऊन ते ठरवायचं. दोन हजारांवर वर्षांपूर्वी कुणीतरी असा विचार केला होता, की जिंकणं आणि कष्ट करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्हींचा मान वेगळा ठेवावा. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

पण त्याच दगडावर आणखी एक कलम आहे: व्यायामशाळेत कपडे कुणी उतरवू नयेत. यादी अशी. गुलाम. मुक्त केलेला गुलाम. त्याचे मुलगे. ज्याने तालमीचं शिक्षण घेतलेलं नाही तो. ज्याने देहविक्रय केला आहे तो. बाजारात धंदा करणारा. दारू प्यालेला. वेडा. यातल्या कुणाला प्रमुखाने जाणूनबुजून आत घेतलं, तर त्याला एक हजार ड्रॅक्मांचा दंड.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. प्यालेल्या माणसाला बाहेर ठेवणं समजतं. मुलांचं रक्षण हाही एक हेतू आहे. मोठ्या तरुणांनी लहान मुलांत मिसळू नये, त्यांच्याशी बोलूही नये, असं त्याच कायद्यात दुसरीकडे आहे. व्यायामशाळेत प्रौढ पुरुष कोवळ्या मुलांमागे लागत, हे ग्रीकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. प्लेटोने 'लॉज'मध्ये त्याबद्दल व्यायामशाळांनाच दोष दिला आहे. आजच्या नजरेने ते मुलांचं शोषण आहे, आणि ग्रीकांच्या गौरवासाठी ते लपवण्याचं कारण नाही. पण भाजीवाला, चांभार, मासळी विकणारा? त्याचा दोष काय? एवढाच, की त्याला फुरसत नाही. आणि मुक्त झालेल्या गुलामाच्या मुलाचा दोष? त्याचा तर जन्म.

अथेन्समध्येही हेच होतं. गुलामाने तालमीत व्यायाम करू नये, अंगाला तेल लावू नये, हा कायदा सोलोनच्या नावावर सांगितला जातो. एस्किनीज या वक्त्याने इसवीसनपूर्व ३४५च्या सुमारास न्यायालयात केलेल्या भाषणात तो अभिमानाने उल्लेखला आहे. स्त्रिया तर दूरच. स्पार्टात मुली धावत आणि कुस्ती खेळत, त्याची इतर ग्रीक थट्टा करत. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये स्त्रियांनीही पुरुषांबरोबर व्यायाम करावा असं सुचवलं, तेव्हा लोक हसतील हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते आधीच सांगून टाकलं.

आता इथे आपले विद्वान मित्र म्हणतात, 'अहो, त्या काळाच्या मानाने पाहा. तेव्हा सगळं जगच तसं होतं.' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो.

पहिलं कारण, बंदी ही तिथेच लिहावी लागते जिथे कुणीतरी आत येत असतं. ज्या गावात व्यायामशाळेच्या प्रमुखाला हजार ड्रॅक्मांचा धाक घालावा लागतो, तिथे एखादा प्रमुख दुकानदाराच्या पोराला आत घेण्याची शक्यता नक्की होती. म्हणजे दार बंद ठेवणं ही काळाची अपरिहार्यता नव्हती, तो निर्णय होता.

दुसरं कारण, त्याच काळातल्या काही माणसांनी ते दार ढकललं होतं. कायनोसार्जिस ही अथेन्सची तिसरी व्यायामशाळा, ज्यांच्या आईबापांपैकी एकजण अथेन्सबाहेरचा असे अशा मुलांची. थेमिस्टोक्लीजची आई परदेशी होती, म्हणून तो तिथे जाई. प्लूटार्क सांगतो, की त्याने काही खानदानी पोरांना आपल्याबरोबर व्यायामाला तिथे यायला लावलं, आणि असा चतुरपणे शुद्ध-अशुद्ध हा भेद पुसून टाकला. पुढे सलामिसच्या आरमारी लढाईत अथेन्सला वाचवलं ते याच माणसाने. सेस्टोस गावातल्या मेनास नावाच्या व्यायामशाळा-प्रमुखाचा गौरवलेख सापडला आहे. त्याने गावात राहणाऱ्या परक्यांनाही तेलाचा वाटा दिला, असं त्यात आवर्जून कोरलं आहे. आणि आशिया मायनरमधल्या टेऑस गावात पॉलिथ्रूस नावाच्या गृहस्थाने शिक्षणासाठी चौतीस हजार ड्रॅक्मा दिल्या. त्यातून तीन अक्षर-शिक्षक नेमायचे, पगार वर्षाला सहाशे, साडेपाचशे आणि पाचशे. व्यायाम शिकवणारे दोन, प्रत्येकी पाचशे. संगीताचा एक, सातशे. शिक्षकांची निवड दरवर्षी नागरिकांनी करायची. आणि अक्षरं शिकवायची ती मुलांना व मुलींना, दोघांनाही. हे त्या काळातच घडलं. मग 'काळाच्या मानाने' म्हणजे नेमकं कुणाच्या मानाने?

तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. बाहेर ठेवलेल्या माणसांच्या जिवावरच आतली फुरसत उभी होती. 'स्खोले' म्हणजे फुरसत, हे वर आलंच. ही फुरसत आकाशातून पडत नव्हती. लॉरियमच्या चांदीच्या खाणींत गुलाम राबत होते, घरात दळणकांडण स्त्रिया आणि दासी करत होत्या, बाजार दुकानदार चालवत होते. प्लेटोच्या 'लिसिस'चा शेवट मला यासाठी फार बोलका वाटतो. मैत्री म्हणजे काय यावर सॉक्रेटिस आणि दोन मुलं रंगात आली आहेत. तेवढ्यात त्या मुलांना ने-आण करणारे गुलाम येतात. उशीर झाला, घरी चला, असं परदेशी धाटणीच्या ग्रीकमध्ये ओरडतात. उत्सवाच्या दिवशी थोडी घेतलेलीही असते. संवाद तिथेच मोडतो. वाचणाऱ्याला वाटतं, काय हे अडाणी लोक! पण त्या मुलाला रोज तालमीपर्यंत आणणारा, त्याचं सामान वाहणारा, तो सुरक्षित आहे ना हे पाहणारा माणूस तोच. 'पेडगॉजी' म्हणजे शिक्षणशास्त्र, हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे. शिक्षणशास्त्राला ज्याने नाव दिलं, त्याला व्यायामशाळेत अंगाला तेल लावायची परवानगी नव्हती.

आणि दाराचं महत्त्व एकदा वाढलं की आतली विद्या मागे पडते, हेही इतिहासाने दाखवून दिलं आहे. अलेक्झांडरनंतर ग्रीक जिथे गेले तिथे व्यायामशाळा गेली. थेट आजच्या अफगाणिस्तानात ऐ-खानूम इथे फ्रेंच उत्खननात ती सापडली, हर्मिस आणि हेराक्लीस यांना वाहिलेली. जेरुसलेममध्ये इसवीसनपूर्व १७५च्या सुमारास जेसन या मुख्य धर्मगुरूने राजाला पैसे देऊन व्यायामशाळा काढण्याची परवानगी मिळवली. यज्ञ सोडून पुरोहित तालमीकडे धावू लागले, अशी तक्रार मॅकबीजच्या ग्रंथात आहे. लिहिणारा कट्टर विरोधी होता, हे खरं. पण मुद्दा कुस्तीचा नव्हताच. तिथे नाव लागलं की माणूस 'ग्रीक' ठरत होता, आणि राज्य ग्रीकांचं होतं.

रोमन काळातल्या इजिप्तमध्ये याचं टोक झालं. 'व्यायामशाळेतले' हा तिथे एक सामाजिक वर्ग बनला. त्यात नाव घालायचं तर मुलाच्या वडिलांकडचे आणि आईकडचे असे दोन्ही बाजूंचे पूर्वज त्याच वर्गातले होते हे कागदोपत्री सिद्ध करावं लागे. मुलगा धावतो किती, वाचतो काय, हे कुणी विचारत नव्हतं. अलेक्झांड्रियात यहुदी आणि ग्रीक यांच्यात रक्तपात झाल्यावर इसवी सन ४१मध्ये सम्राट क्लॉडियसने पत्र लिहिलं. त्यात यहुद्यांचे रीतिरिवाज निर्वेध पाळू द्या असं ग्रीकांना बजावलं, आणि व्यायामशाळेच्या खेळांत घुसू नका असं यहुद्यांना. व्यायामाची जागा म्हणून सुरू झालेली संस्था अखेर वंशावळीचा दाखला झाली.

मग ग्रीक व्यायामशाळेकडून काही घ्यायचंच नाही का? तसं मी म्हणणार नाही. उलट घेण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते समारंभातल्या भाषणात सांगतात ते नव्हे.

एक म्हणजे मोकळी, सार्वजनिक जागा, जिथे निरनिराळ्या वयाची माणसं कामाशिवाय एकत्र येऊ शकतात. आज आपण लहान मुलांना त्यांच्या वयाच्या गटात, म्हाताऱ्यांना विरंगुळा केंद्रात आणि तरुणांना मोबाइलमध्ये ठेवलं आहे. दुसरं म्हणजे फुरसत ही शिक्षणाची शत्रू नाही, जमीन आहे, ही जाणीव. शाळा, क्लास, छंदवर्ग अशा रांगेत मुलाचा दिवस भरून टाकला तर सॉक्रेटिस येऊन बसायचा कुठे? तिसरं, मेहनतीचं वेगळं बक्षीस. आणि चौथं, अथेन्समधलीच एक गोष्ट. इसवीसनपूर्व पहिल्या शतकापर्यंत तिथली लष्करी गरज ओसरली होती, पण तरुणांचं वर्षभराचं प्रशिक्षण चालूच होतं. ते तरुण आता तत्त्वज्ञांची व्याख्यानं ऐकत आणि दरवर्षीची तुकडी टॉलेमीच्या नावाच्या व्यायामशाळेतल्या ग्रंथालयाला शंभर पुस्तकं भेट देई. कुस्तीच्या आखाड्याशेजारी पुस्तकांचं कपाट, आणि ते पुढच्या तुकडीसाठी मागच्या तुकडीने भरायचं. इतका सोपा, इतका स्वस्त उपक्रम दुसरा सुचणार नाही.

मात्र हे सगळं घेताना दारावरची यादी आपण आधी वाचली पाहिजे. आपल्याकडे ती आता दगडावर कोरत नाहीत. ती प्रवेश शुल्कात असते, गणवेशाच्या किमतीत असते, मुलाखतीत आईबापांना विचारलेल्या प्रश्नांत असते, 'फक्त सभासदांसाठी' या पाटीत असते, आणि मैदानाला संध्याकाळी लावलेल्या कुलपात असते. एखादी शाळा, मैदान, वाचनालय उत्तम आहे असं कुणी सांगितलं, की आत काय शिकवतात याआधी मी एक प्रश्न विचारतो: बाहेर कोण आहे? जी संस्था या प्रश्नाचं उत्तर सरळ देते तिच्यावर माझा विश्वास बसतो. कारण आतली मुलं अभ्यासक्रम विसरतात. पण आपण आत होतो आणि अमुक बाहेर होता, हा धडा ती कधी विसरत नाहीत. तोच त्यांचा खरा नागरिकशास्त्राचा तास.

प्रिएने हे आशिया मायनरमधलं छोटंसं ग्रीक गाव. तिथल्या व्यायामशाळेतली एक खोली आजही पाहायला मिळते. शेजारी हातपाय धुवायची दगडी कुंडी आहे, भिंतीतल्या सिंहमुखांतून तिच्यात पाणी पडायचं. त्या खोलीच्या भिंतींवर मुलांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत, शेकडो नावं. ही अमक्याच्या मुलाची, अमक्याची जागा, असं. जगातल्या कुठल्याही शाळेतल्या बाकावर कर्कटकाने कोरलेल्या नावांसारखीच. ती नावं वाचताना त्या मुलांविषयी माया वाटते. पण त्यांच्यासाठी तेलाचे बुधले वाहणाऱ्यांचं, अंगण खणणाऱ्यांचं, त्यांना घरून तालमीपर्यंत पोचवणाऱ्यांचं नाव त्या भिंतीवर नाही. ती माणसं रोज तिथेच होती. त्यांना तिथे जागा नव्हती.